पावलांच्या मापाने बेतलेले संगीत : बॅलेविषयी वाचकांचे प्रश्न

बॅलेच्या संगीताबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण बहुतेक नवख्या श्रोत्यांना येते, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकू लागलो. ‘स्वान लेक’चे नाव ऐकून होतो, म्हणून संपूर्ण ध्वनिमुद्रण लावले, पण अर्ध्या तासात लक्ष उडाले. दोष माझ्या कानाचा आहे का? सुरुवात कशाने करावी? (एक वाचक, पुणे)

कानाचा दोष मुळीच नाही, निवड चुकली एवढेच. संपूर्ण ‘स्वान लेक’ दोन तासांहून अधिक चालते आणि त्यातील बराचसा भाग रंगमंचावर कोणी येत आहे, कोणी जात आहे, कोणी मूकाभिनयाने काही सांगत आहे, अशा प्रसंगांसाठी लिहिलेला आहे. समोर नर्तक नसताना तो सलग ऐकणे म्हणजे नाटक न पाहता त्याचे नुसते पार्श्वसंगीत ऐकत बसणे होय.

सुरुवात ‘स्वान लेक’चाच रशियन संगीतकार चायकोव्हस्की याच्या ‘नटक्रॅकर सूट’ने करावी. बॅलेमधील निवडक तुकडे मैफलीत वाजवण्यासाठी एकत्र बांधले की त्याला ‘सूट’ म्हणतात. या सूटमध्ये आठ तुकडे आहेत आणि सारे मिळून जेमतेम २०-२५ मिनिटांत आटोपतात. मूळ बॅले सेंट पीटर्सबर्गला १८९२च्या डिसेंबरमध्ये रंगमंचावर आले, परंतु सूट त्याच वर्षी मार्च महिन्यातच वाजवला गेला होता, म्हणजे श्रोत्यांनी हे संगीत नाचाविना आधी ऐकले होते. तुम्हीही तसेच ऐकायला हरकत नाही.

ऐकताना प्रत्येक तुकड्यात एकच गोष्ट हेरावी. आरंभीच्या छोट्या ओव्हर्चरमध्ये चेलो आणि डबल बास ही खर्जातील तंतुवाद्ये अजिबात नाहीत; त्यामुळे सारे संगीत जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखे वाटते. ‘शुगर प्लम फेअरी’च्या नाचात जी बारीक, काचेसारखी किणकिण ऐकू येते ती सेलेस्टा या वाद्याची आहे. दिसायला ते लहानशा पियानोसारखे असते, मात्र त्यातील हातोड्या तारांवर न पडता धातूच्या पट्ट्यांवर पडतात. हे वाद्य पॅरिसमध्ये १८८६च्या सुमारास तयार झाले. १८९१मध्ये चायकोव्हस्कीच्या ते कानी पडले आणि त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिले, की हे वाद्य मागवावे पण कोणाला दाखवू नये, कारण रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांना सुगावा लागला तर तेच ते आधी वापरून मोकळे होतील. त्या नाचासाठी नृत्यरचनाकार मारिउस पेतिपाची मागणी होती, की कारंज्यातून उडणाऱ्या पाण्याच्या थेंबांचा भास व्हावा. सेलेस्टाच्या थेंबांना खालून बास क्लॅरिनेट घरंगळत जे उत्तर देतो, तेही ऐकायला विसरू नका.

बॅलेचे संगीत नवख्याला लवकर रुचते, त्याचे कारणच या मागणीत आहे. पेतिपा किती मापे (बार, म्हणजे मात्रांचे ठरावीक गट) हवीत, लय कोणती हवी, कोठे थांबायचे, हे लेखी कळवत असे. संगीतकाराच्या हाताशी शिंप्याच्या टेपासारखे माप होते, त्यामुळे त्याला पाल्हाळ लावता येत नसे. सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेत, एखादी कल्पना पंधरा मिनिटे वळणे घेत राहते. येथे ती दोन-तीन मिनिटांत येते, रंगते आणि निरोप घेते.

सूट अंगवळणी पडला की पुन्हा ‘स्वान लेक’कडे यावे, पण दोनच जागांसाठी. पहिली, ओबो या फुंकवाद्यावर येणारी हंसांची ती प्रसिद्ध उदास धून. दुसरी, चार लहान हंसांचा नाच. बासून (खर्जातील फुंकवाद्य) एका ठेक्यात तुटक सूर टाकत राहतो, त्यावर दोन ओबो जोडीने चालतात, आणि रंगमंचावर चार नर्तिका एकमेकींचे हात गुंफून पावलाला पाऊल लावत आडव्या सरकतात. जेमतेम दीड मिनिटाचा हा तुकडा एकदा चलच्चित्रात पाहिला की बासून असाच तुटक का वाजतो ते डोळ्यांना कळते. ध्वनिमुद्रणातील क्रम आणि रंगमंचावरील क्रम जुळला नाही तर गोंधळू नये. १८७७मध्ये मॉस्कोत या बॅलेला मोठे यश लाभले नाही, आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर, १८९५मध्ये, पेतिपा व त्याचा सहकारी नृत्यरचनाकार इवानोव्ह यांनी ते नव्याने बसवताना संगीतात बरीच कापाकापी आणि फिरवाफिरव झाली.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. या डिसेंबरात आठ वर्षांच्या मुलीला घेऊन न्यू यॉर्कला ‘नटक्रॅकर’ पाहायला जाणार आहोत. काय ऐकावे? आणि टाळ्या कधी वाजवायच्या? (एक वाचक)

लिंकन सेंटरमधील न्यू यॉर्क सिटी बॅलेचा प्रयोग असेल तर तो नृत्यरचनाकार जॉर्ज बालानशीन यांनी १९५४ साली बसवलेला आहे. त्यात शुगर प्लम फेअरीचा एकल नाच नेहमीप्रमाणे शेवटाकडे न येता दुसऱ्या अंकाच्या आरंभीच येतो, म्हणून मध्यंतरानंतर वेळेवर जागेवर बसावे. पहिल्या अंकात एक लांबलेले व्हायोलिन ऐकू येईल. ते मुळात चायकोव्हस्कीच्याच ‘द स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेमधील आहे, बालानशीन यांनी ते येथे आणून बसवले. हिमकणांच्या वॉल्ट्झमध्ये (तीन मात्रांच्या नाचात) मुलांच्या आवाजांतील शब्दांविना गाणे येते. मुलीला तेवढी एक खूण आधी सांगून ठेवावी, ती वाट पाहत बसेल.

तुम्ही स्वतः मात्र शेवटाकडील युगुलनृत्य कान देऊन ऐका. ते सूटमध्ये नसल्याने बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. हार्पच्या झुळझुळीवर चेलो जी धून धरतात ती म्हणजे निव्वळ एक अवरोह आहे : वरच्या षड्जापासून खालच्या षड्जापर्यंत, सां नि ध प म ग रे सा, सारे स्वर शुद्ध, एकही वगळलेला नाही. आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याकडून घोटून घेतात ती ही ओळ. तीच ओळ वाद्यवृंद पुन्हा पुन्हा उचलतो आणि दर खेपेस अधिक भार टाकत जातो. एवढ्या सामग्रीवर एवढा गहिवर मला तरी अन्यत्र आढळलेला नाही.

टाळ्यांचे म्हणाल तर सिंफनीच्या मैफलीत भागांच्या मध्ये गप्प राहण्याची जी रीत आहे, ती बॅलेत नाही. एकल नाच संपून नर्तिकेने लवून अभिवादन केले की खुशाल टाळ्या वाजवाव्यात.

प्रश्न : मी तबला शिकतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ताल कोठे असतो तेच मला सापडत नाही. ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ लावून पाहिले, तर नुसता कल्लोळ वाटला. (एक विद्यार्थी, सांगली)

तुम्ही थेट शेवटच्या इयत्तेत जाऊन बसलात. आधी रावेलचे ‘बोलेरो’ ऐका. इदा रुबिन्स्टाइन या नर्तिकेसाठी लिहिलेले हे बॅले १९२८मध्ये पॅरिसमध्ये सादर झाले. पंधरा मिनिटांच्या या रचनेत स्नेअर ड्रम एकच ठेका आरंभापासून अखेरपर्यंत वाजवतो, आणि त्यावर दोन धुना आलटून पालटून येत राहतात. कथकचा लेहरा तुम्ही वाजवताना ऐकला असेलच. तेथे धून जागची हलत नाही आणि तबला व पावले खेळतात. येथे ठेकाही तोच, धुनाही त्याच, बदलतात ती केवळ वाद्ये आणि आवाजाची पातळी. कोणते वाद्य कधी आले याची वहीत नोंद करत ऐका. मध्यावर एके ठिकाणी हॉर्न, सेलेस्टा आणि दोन पिकोलो एकच धून तीन निरनिराळ्या पट्ट्यांत एकाच वेळी वाजवतात आणि कानाला ते वेगळेच एखादे वाद्य, जणू चर्चमधला ऑर्गन, वाटते. अगदी शेवटी पट्टी अचानक वर उडी घेते, तेव्हा इतका वेळ आपण एकाच षड्जावर बसलो होतो हे ध्यानात येते.

त्यानंतर स्ट्राविन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’कडे परत जा. त्यात, बासूनच्या चढ्या सुरांची प्रस्तावना संपल्यावर, तंतुवाद्ये एकच कर्कश स्वरसंघ सलग ३२ वेळा ठोकतात. मात्रा सरळ दोन-दोनच्या आहेत, पण जोर अनपेक्षित जागी पडतो. हाताने मात्रा धरून बसा आणि आघात कोणत्या मात्रेवर येतात ते लिहून काढा. तालाच्या विद्यार्थ्याला तो कल्लोळ फार काळ कल्लोळ वाटणार नाही. २९ मे १९१३ला पॅरिसच्या प्रेक्षकांनी पहिल्याच प्रयोगात दंगा केला, तो संगीताइतकाच निजिन्स्कीच्या नृत्यरचनेवरही होता.

प्रश्न : ‘ला बायादेर’ भारतात घडते असे वाचले. त्यात भारतीय संगीत आहे का? आणि या शब्दाचा आमच्या गोव्याशी काही संबंध आहे का? (एक वाचक, मडगाव)

शब्दाचा आहे, संगीताचा नाही. देवळांत नाचणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीज ‘बायलादेइरा’, म्हणजे नाचणारी, म्हणत. त्यावरूनच फ्रेंचमध्ये ‘बायादेर’ झाले. १८७७मध्ये सेंट पीटर्सबर्गला पेतिपाने बसवलेल्या या बॅलेची नायिका निकिया ही अशीच देवळातील नर्तकी आहे. संगीत मात्र व्हिएन्नात जन्मलेल्या लुडविग मिंकुसचे आहे, आणि त्यात राग, ताल सोडाच, हिंदुस्थानची झुळूकदेखील नाही. देवळाच्या आवारात वॉल्ट्झ वाजतात. मिंकुस हा शाही नाट्यगृहांचा पगारी बॅले-संगीतकार होता आणि हुकमाबरहुकूम माल पुरवणे हेच त्याचे काम होते. नुसते ऐकण्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. ‘छायांचे राज्य’ हा प्रवेश मात्र अवश्य पाहावा. उतारावरून पांढऱ्या वेशातील नर्तिका एकामागून एक, कधी २४ तर कधी ३२, तीच एक हालचाल करीत खाली येतात आणि शेवटची खाली उतरेपर्यंत एक संथ धून वाजत राहते. तेथे धून साधी आहे हेच तिचे भाग्य.

प्रश्न : आना पाव्हलोव्हाचा ‘मरणारा हंस’ हा ‘स्वान लेक’च्या कोणत्या अंकात येतो? (एक वाचक, नाशिक)

कोणत्याच नाही, त्या बॅलेशी त्याचा संबंध नाही. रशियन नर्तिका पाव्हलोव्हासाठी नृत्यरचनाकार मिखाइल फोकिनने तो स्वतंत्र नाच रचला, आणि त्याचे संगीत फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांच्या १८८६मधील ‘प्राण्यांचे कार्निव्हल’ या रचनेतील ‘हंस’ हा तुकडा आहे. गमतीखातर लिहिलेली ती रचना आपल्या हयातीत छापू द्यायची नाही असे त्यांनी ठरवले होते. अपवाद केला तो एकट्या ‘हंसा’चा. मूळ लेखनात एक चेलो आणि दोन पियानो एवढीच वाद्ये आहेत, आणि तुकडा तीन मिनिटांच्या आसपास संपतो.