काळी दाढी, हिरवी काच आणि तुमची लाइट

प्रश्न : दादा नमस्कार, माझा दोन फुटी टँक आहे (24 बाय 12 बाय 15 इंच), पाच महिने झाले. गप्पी आणि निऑन टेट्रा मिळून 20 मासे, झाडांत थोडं व्हॅलिस्नेरिया, दोन अनुबियास. काच आठवड्यात हिरवी होते आणि अनुबियासच्या पानांच्या कडेला शेवाळाची काळी दाढी उगवलीय, ओढली तरी निघत नाही. दुकानदाराने शेवाळ खायला एक सकर मासा दिला आणि शेवाळ मारायच्या औषधाची एक बाटली, ते औषध टाकल्यापासून व्हॅलिस्नेरिया वितळायला लागलंय. काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : माशांची मोजदाद केलीत, टँकचं माप दिलंत, पण लाइट किती तास चालू असते ते काही लिहिलं नाहीत! माझा अंदाज, सकाळी चहाच्या वेळी चालू आणि झोपताना बंद, कारण हॉलमध्ये छान दिसतं. तिथेच घोळ आहे. अनुबियास मुळात सावलीतलं झाड, एकेक पान यायला आठवडे लागतात, त्याला एवढा उजेड वापरताच येत नाही, मग तो उजेड आणि माशांच्या शीतून येणारं खत दोन्ही शेवाळाच्या घशात जातं. साधा प्लगवाला टायमर आणा आणि सहाच तास लाइट ठेवा, संध्याकाळी 5 ते 11 लावा म्हणजे घरी आल्यावर बघायलाही मिळेल. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा.

ती बाटली बंद करा. अशा बऱ्याच बाटल्यांत ग्लुटराल्डिहाइड असतं, त्याने शेवाळ मरतं पण व्हॅलिस्नेरियाला ते अजिबात सोसत नाही. काळी दाढी दिसते काळी, पण आहे लाल शेवाळाच्या जातीतली. अनुबियास बाहेर काढा, फार माखलेली पानं सरळ कापा, बाकीच्यांवर केमिस्टकडचं 3 टक्क्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटांनी धुवून परत ठेवा. एक-दोन दिवसांत दाढी गुलाबी पडली की समजा मेली. आणि हो, अनुबियासचं आडवं जाड खोड वाळूत पुरलेलं नाही ना? मी पहिल्या वेळी नीट कुंडीत लावल्यासारखं पुरलं होतं, महिन्यात खोड कुजून पानं वर तरंगायला लागली. दोऱ्याने दगडाला बांधायचं, बस.

मग भराभर वाढणारी झाडं भरा, हॉर्नवर्ट, हायग्रोफिला, वॉटर स्प्राइट, निम्मा टँक हिरवा दिसेल इतकी, म्हणजे शेवाळाचं खाणं तीच पळवतील. दर रविवारी 20 लिटरची एक बादली पाणी बदला, नळाचं असेल तर अँटिक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून.

राहिला सकर. काळ्या दाढीला तो तोंड लावत नाही, वर शी भरपूर करतो आणि फूटभराच्या पुढे वाढतो, दोन फुटात मावायचा नाही. दुकानात परत द्या. गोदावरीत मात्र सोडू नका प्लीज, सोडून दिलेल्या सकरने आपल्याकडच्या नद्या-तलावांत आधीच ठाण मांडलंय.

प्रश्न : गावच्या तळ्यातलं हायड्रिला आणून टँकमध्ये टाकलं तर चालेल का? फुकट आहे!
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, मस्त वाढतं, शेवाळाशी स्पर्धा करायला तर एक नंबर. पण आणलं आणि टाकलं असं नको. मी एकदा तेच केलं आणि गप्पीची पिल्लं रोज दोन-तीन कमी व्हायला लागली, मला वाटलं मोठे मासे खातायत, नंतर एका रात्री टॉर्च मारला तर काडीला चिकटून चतुराची मातकट अळी बसलेली, तोंडात पिल्लू. तेव्हा आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, दर दोन दिवसांनी पांढऱ्या टबात झटकून बघा, गोगलगायींची जेलीसारखी अंडी पानामागे दिसली तर ते पानच तोडून टाका.