जुनी आर्केड मशीन: शिकागोत सोपी, नागपुरात अवघड का?

पार्लरमधल्या जुन्या व्हिडिओ गेम मशिनींबद्दल इतके प्रश्न आले की या वेळी सगळं सदर त्यालाच देतोय. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली होती, म्हणून तसे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: भाऊ, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. शाळेत असताना बर्डीवर मुस्तफा खेळायचो, आता घरी एक मशीन ठेवायची लय इच्छा आहे. पण भाव पाहून डोकं चक्रावून राहिलं. अमेरिकेत ओरिजिनल पॅक-मॅन दोन-तीन हजार डॉलरला दिसते, बंगळुरूचा एक जण तशाच दिसणाऱ्या मशीनचे अडीच लाख सांगतो, आणि इतवारीतला कबाडी म्हणतो पंधरा हजार द्या न घेऊन जा. यातला खरा भाव कोणता?

उत्तर: भाऊ, तिन्ही खरे असू शकतात, कारण या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

अमेरिकेतली पॅक-मॅन आधी घेऊ. गेम जपानच्या नामकोचा, १९८० चा, पण अमेरिकेत त्याची मशीन मिडवेने बनवली. मिडवे, बॅली, विल्यम्स या सगळ्या कंपन्या शिकागो आणि आसपासच्या. त्याच जातीच्या पुढच्या गेमच्या, मिस पॅक-मॅनच्या, मशिनी तर एक लाखाच्या वर निघाल्या. इतका माल जिथे बनला आणि जिथे लोकांकडे तळघर न गॅरेज आहे तिथे चाळीस वर्षांनीही मशिनी विकायला येत राहतात, विकणारा स्वतःच म्हणतो की घेऊन जा, जागा मोकळी कर. म्हणून तिथला भाव हा "येऊन उचलून न्या"चा भाव असतो. तीच मशीन लांबच्या राज्यात न्यायची म्हटली की ट्रकचं भाडं मशीनच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतं. आणि सगळ्याच मशिनी अशा मिळत नाहीत बरं का, अटारीची १९८२ ची क्वांटम सुमारे ५०० च बनली, तिचा भाव कुठेही गेलात तरी चढाच राहणार.

जपानचं गणित वेगळं आहे. तिथे एका गेमसाठी एक सजवलेली मशीन असा प्रकार कमी, कॅबिनेट साधी पांढरी-करडी, आतला बोर्ड बदलला की गेम बदलला. सेगाची ॲस्ट्रो सिटी, ब्लास्ट सिटी अशी नावं तुम्ही ऐकली असतील. १९८५ मध्ये जामा नावाचं ५६ पिनचं कनेक्शन ठरलं आणि त्यानंतर हे बोर्ड काढणं-लावणं अगदी सोपं झालं. त्यामुळे तिथे कॅबिनेटचा बाजार वेगळा आणि बोर्डाचा वेगळा. गेम सेंटर बंद होत गेले तशी कॅबिनेटं कंटेनर भरभरून बाहेर गेली, आणि आता तिथेही चांगली मशीन पूर्वीसारखी सहज मिळत नाही.

कायद्याचाही मोठा हात आहे, याकडे कोणी लक्ष देत नाही. पश्चिम जर्मनीत १९८५ च्या कायद्याने अशा मशिनी मुलांना जाता येईल अशा सार्वजनिक ठिकाणांहून हटवल्या, मग तिथे माल कमीच राहिला. फिलिपिन्समध्ये १९८१ ला राष्ट्राध्यक्ष मार्कोसने व्हिडिओ गेमवर बंदीच घातली. पूर्व जर्मनीत पॉली-प्ले नावाची सरकारी कारखान्यातली मशीन होती, एकीकरणानंतर त्यातल्या बहुतेक नष्ट केल्या, आज एखादी दिसली तर बहुधा म्युझियममध्ये. म्हणजे एखाद्या गावात जुनी मशीन मिळते की नाही हे त्या वेळच्या सरकारनेही ठरवलेलं असतं.

आता आपल्याकडचं. नागपुरात, अमरावतीत, चंद्रपुरात पार्लरला ज्या मशिनी होत्या त्या परदेशी कारखान्यातून आलेल्या क्वचितच. सुताराने बनवलेला प्लायचा खोका, वरून सनमायका, आत रंगीत टीव्हीची ट्यूब आणि दिल्ली-मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आलेला बोर्ड, तोही बहुतेक वेळा नकली. कबाडी ज्याचे पंधरा हजार मागतोय तो हाच खोका आहे. आणि बंगळुरूवाल्याची एक तर खरोखर बाहेरून आणलेली असेल, मग त्यात जहाजाचं भाडं न ड्युटी धरलेली आहे, किंवा नव्या प्लायमध्ये एलसीडी बसवून बाजूला पॅक-मॅनचं स्टिकर मारलेलं असेल. मागचं झाकण उघडून व्हिडिओ कॉल करायला सांगा. जो झाकण उघडत नाही त्याला अडीच लाख कशाला द्यायचे?

माझं मत विचाराल तर कॅबिनेट आणि ट्यूब इथलीच घ्या, पैसा ओरिजिनल बोर्डावर खर्च करा. तुम्ही मुस्तफा म्हणता तो गेम म्हणजे कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, १९९३ चा. तुम्ही तो खेळलात तो प्लायच्याच खोक्यावर, मग तोच खोका तुमच्यासाठी ओरिजिनल आहे, शिकागोचा नाही. असे खोके आता जळणात चाललेत आणि ते वाचवायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: जपानहून अख्खी मशीन मागवली तर? बजेट आहे, फक्त सरकारी भानगडी किती ते सांगा. (वाचक, धंतोली)

उत्तर: भानगडी आहेत. उभी मशीन साधारण एक घनमीटर जागा खाते आणि वजन शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास, त्यामुळे विमानाचा विषय सोडा, न्हावा शेवाला जहाजाने येणार आणि तिथून नागपूरपर्यंत रेल्वे किंवा ट्रक. कस्टम ड्युटी नुसत्या मशीनच्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा मिळवून जो आकडा होतो त्यावर लागते, वर जीएसटी. वापरलेल्या सामानाच्या आयातीला डीजीएफटीचे (केंद्राचं परदेशी व्यापाराचं खातं) वेगळे नियम आहेत आणि व्हिडिओ गेम हे बीआयएसच्या (मालाचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था) सक्तीच्या नोंदणीच्या यादीतही आहेत. म्हणून पैसे पाठवायच्या आधी कस्टमच्या एजंटला कागद दाखवा, माल बंदरात अडकला की डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, रोज चढतं. समुद्राकाठच्या शहरातल्या माणसाला निदान शेवटचे आठशे किलोमीटर वाचतात, आपल्याला ते पण मोजावे लागतात आणि काचेची ट्यूब त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त हादरे खाते. जपानची मशीन १०० व्होल्टवर चालते, आपल्याकडे २३०, तेव्हा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेलच, ५०० व्हीएचा पुरतो. इतकं करून घ्यायची असेल तर एकटी मागवू नका, चार-पाच जण मिळून मागवा, भाडं वाटलं जातं. नुसता बोर्ड मागवायचा असेल तर तो पार्सलने येतो, ड्युटी त्यालाही लागते पण जहाजाची दगदग नाही.

प्रश्न: उमरेडला आमच्या मामांचं पार्लर होतं, वीस वर्षांपासून बंद आहे. गोडाऊनमध्ये तीन मशिनी पडून आहेत. चालतात की नाही कोणालाच माहीत नाही. विकायच्या तर काय भाव येईल? चालू करून पाहू का?

उत्तर: ताई, आधी एक करा, प्लग लावू नका. चालू करून पाहू म्हणूनच अशा मशिनी जळतात.

मागची फळी उघडा, टॉर्च घेऊन आत पाहा. उंदरांनी वायर कुरतडल्यात का, खालचं प्लाय फुगलंय का, वाळवी लागली का. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्यात गोडाऊन ओलं, या दोन्हींचा मार लाकडापेक्षा जास्त कॅपॅसिटरवर, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांवर, पडतो. ट्यूबच्या मागच्या बाजूला निमुळती काचेची मान असते, ती शाबूत आहे ना पाहा पण हात लावू नका. चालू असताना ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. जुने टीव्ही दुरुस्त करणारा माणूस शोधा, उमरेडला नसेल तर नागपुरात इतवारी न सदर भागात विचारा, ही मंडळी आता कमी होऊन राहिली आहेत म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. तो आधी ट्यूब डिस्चार्ज करेल, मग बोर्डाचं कनेक्टर काढून नुसता पॉवर सप्लाय लावून मीटरने पाच व्होल्ट बरोबर येतात का पाहील, आणि ते बरोबर असले तरच बोर्ड जोडेल.

भाव ठरतो तो बोर्डावर. बोर्ड बाहेर काढा आणि चिपवर काय छापलंय ते वाचा. कॅपकॉमचं नाव, नंबर स्वच्छ दिसत असतील तर फोटो काढून ठेवा, तो बोर्ड एकटाच खोक्यापेक्षा जास्त किमतीचा निघू शकतो. चिपवरचे नंबर घासून काढलेले असतील तर नकली समजा, तोही चालतो पण त्याला परदेशातला भाव येत नाही. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-टू बोर्डात तर एक बॅटरी असते, ती संपली की गेम उघडणारी आतली सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि बोर्ड सुरूच होत नाही. असा बोर्ड मिळाला तर फेकू नका, तो जिवंत करण्याच्या पद्धती आता आहेत. एसएनके कंपनीच्या निओ जिओ मशीनचं कार्ट्रिज (गेमची डबी) मिळालं तर तेही जपून ठेवा, तो सिस्टीम १९९० चा आणि जगभर मागणी असलेला.

नाण्याची पेटी पण पाहा. आपल्याकडे बरेच मालक नाण्याची फट बंद करून मागून एक बटण दाबून क्रेडिट द्यायचे, "काका, एक कॉईन टाका न" म्हणून पोरं ओरडायची ते यासाठीच. फट चालू असली तरी ती जुन्या रुपयाला बसवलेली असणार, तो २५ मिलिमीटरचा होता, २०११ ला रुपया २२ चा झाला, म्हणजे आताचं नाणं त्यात नीट चालेल असं धरू नका.

भावाचं सांगायचं तर पिक्चर येत नसेल तर घेणारा कबाडाच्या किमतीच्या थोडंच वर देईल, पिक्चर आणि आवाज दोन्ही आले की तीच मशीन कितीतरी पट. म्हणून दुरुस्तीचे पैसे आधी घाला, मग विका. आणि जमलं तर तीनपैकी एक मामांसाठी ठेवा.

प्रश्न: चालू असलेल्या जुन्या खोक्यात पांडोरा बॉक्स, म्हणजे एकाच बोर्डात ढीगभर गेम असतात तो, टाकला तर चुकीचं आहे का? पोरांना हजार गेम मिळतील. (वाचक, खामला)

उत्तर: टाका की. फक्त हार्नेस, म्हणजे आतल्या वायरींचा जुडगा, कापू नका. पांडोराच्या बऱ्याच बोर्डांना तेच ५६ पिनचं जामा कनेक्शन असतं, जुना बोर्ड काढून अँटीस्टॅटिक पिशवीत ठेवा आणि नवीन सरकवा, कधीही परत फिरवता येतं. घेताना एकच विचारा, जुन्या ट्यूबला लागणारं १५ किलोहर्ट्झचं सीजीए आउटपुट आहे का. आता बरेच बोर्ड नुसते एचडीएमआय न व्हीजीएचे, म्हणजे टीव्ही-कॉम्प्युटरच्या स्क्रीनला जोडायचे, येतात, ते या जुन्या ट्यूबवर चालत नाहीत, आणि मग दुकानदार म्हणतो ट्यूब काढा, एलसीडी लावा. ट्यूब काढू नका, बोर्ड बदलून मागा.