रूट कॅनाल भरण्यापूर्वी जंतूंची तपासणी का करीत नाहीत?

प्रश्न : मी सातपूर येथील एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी करतो. आमच्याकडे इंजेक्शनची कोणतीही बॅच निर्जंतुकतेच्या १४ दिवसांच्या चाचणीशिवाय बाहेर जात नाही. अलीकडे माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले. मुळाशी पू होता. डॉक्टरांनी दोनदा बोलावून नलिका साफ केल्या, मधल्या काळात आत औषध ठेवले आणि तिसऱ्या भेटीत दाढ भरली. आतले जंतू गेले हे कशावरून ठरवले, असे मी विचारले, तेव्हा ‘आता दुखत नाही ना, मग झाले’ एवढेच उत्तर मिळाले. तपासणी न करता दाढ भरणे योग्य आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर अपुरे आहे. मुळाशी जुना जंतुसंसर्ग असलेली दाढ वर्षानुवर्षे मुळीच न दुखता राहू शकते, त्यामुळे वेदना थांबणे हा जंतू गेल्याचा पुरावा ठरत नाही. मात्र डॉक्टरांनी तपासणी केली नाही, यात त्यांची चूक नाही.

आपण म्हणता तशी तपासणी एके काळी अनेक देशांत नियमाने होत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दातांतील जंतूंमुळे सांध्यांचे आणि हृदयाचे विकार होतात, असे मत वैद्यकात प्रबळ झाले होते आणि त्यापायी असंख्य दात उपटले जात होते. दात वाचवू पाहणाऱ्या दंतवैद्यांना आपले काम निर्दोष असल्याचे दाखवणे भाग होते. म्हणून नलिकेत कागदाची बारीक सळई, म्हणजे पेपर पॉइंट, घालून ती पोषक द्रवात टाकायची, ३७ अंश सेल्सिअसला उबवायची आणि द्रव गढूळ झाला नाही तरच दात भरायचा, अशी पद्धत रूढ झाली. लागोपाठ दोन वेळा वाढ न दिसल्याशिवाय दात भरू नये, असेही अनेक ठिकाणी शिकवले जाई.

ही पद्धत मागे पडली, त्याचे मुख्य कारण नमुन्यात आहे आणि ते आपल्याला इतरांपेक्षा लवकर पटेल. बॅचमधील कुप्या एकाच प्रक्रियेतून आलेल्या असतात, म्हणून त्यांतील थोड्या तपासून उरलेल्यांविषयी काही म्हणता येते. दाढेच्या आतील रचना तशी एकसारखी नसते. मुख्य नलिकेला फाटे फुटतात, दोन नलिकांच्या मध्ये अरुंद फट असते, टोकाशी बारीक शाखा असतात आणि भिंतीतील सूक्ष्म नळ्यांतही जंतू शिरलेले असतात. पेपर पॉइंट यांपैकी फक्त मुख्य नलिकेतील ओलावा टिपतो. शिवाय नलिका धुण्यासाठी वापरलेल्या सोडियम हायपोक्लोराइटचा अंश नमुन्यात गेला, तर जिवंत जंतूही वाढत नाहीत. तो आधी थायोसल्फेटने निष्प्रभ करावा लागतो. उलट दाताचा बाह्य भाग नीट निर्जंतुक केला नसेल, तर लाळेतील जंतू वाढतात आणि नलिकेवर आळ येतो. यात भर म्हणजे मृत मज्जेतील, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ भागातील, बहुतेक जंतू ऑक्सिजनमध्ये तग न धरणारे असतात. स्वीडनमधील सुंडक्विस्ट यांनी १९७६ साली हे काटेकोरपणे दाखवले. त्याआधीच्या साध्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या वर सांगितलेल्या चाचणीत, ते बहुतांशी वाढलेच नसतील, म्हणजे ‘वाढ नाही’ या निकालांपैकी कित्येक फसवे असणार.

याचा अर्थ जंतूंना महत्त्व नाही असा कृपया घेऊ नये. १९६५ साली काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत उंदरांच्या दाढांची मज्जा उघडी पाडली. साध्या उंदरांत ती सडून मुळाशी गळू झाले, तर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत अन्नाचे कण आत जाऊनही ती जिवंत राहिली आणि जखमेवर नवे दंतद्रव्य तयार झाले. पुढे १९९७ साली स्वीडनमध्येच एकमुळी दातांवर झालेल्या एका अभ्यासात दात भरण्याच्या क्षणी नमुना घेऊन पाच वर्षे पाठपुरावा केला गेला. नमुन्यात जंतू न आढळलेल्या दातांपैकी ९४ टक्के, तर आढळलेल्यांपैकी ६८ टक्के दात बरे झाले. हा फरक मोठा आहे. मात्र जंतू सापडूनही दोनतृतीयांश दात बरे झाले, हे त्याच आकड्यांत दिसते, आणि २००२ सालच्या नेदरलँड्समधील एका लहान अभ्यासात असा फरक आढळला नाही. म्हणून रुग्णांच्या गटाबद्दल ही तपासणी बरेच सांगते, पण आपल्या एका दाढेविषयी निर्णय घ्यायला तिचा आधार कच्चा पडतो. जंतू त्यांच्या डीएनएवरून ओळखणाऱ्या पीसीआर तंत्राने हा पेच पूर्णपणे सुटत नाही, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात उमटतो.

तपासणीच्या जागी आज शिस्तबद्ध कृतीवर भर असतो. आपल्याच क्षेत्रात अंतिम चाचणीपेक्षा प्रक्रियेवरील नियंत्रणाला अधिक महत्त्व असते, हे आपण जाणताच. दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे लाळ आत जाऊ न देणारा रबराचा पातळ पडदा, लावला होता का, नलिका हायपोक्लोराइटने भरपूर धुतल्या का, दोन भेटींच्या मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध आत ठेवले होते का आणि तात्पुरते सिमेंट टिकून राहिले का, हे आपण डॉक्टरांना अवश्य विचारावे. माझ्या मते कल्चर न करण्यापेक्षा रबर डॅम टाळणे कितीतरी अधिक चिंतेचे आहे, आणि ते आपल्याकडे फार सर्रास चालते. पक्के भरण व कॅप लांबणीवर टाकू नये, कारण वरून गळती झाली तर चांगली साफ केलेली नलिकाही पुन्हा दूषित होते. साधारण एका वर्षाने एक्स-रे काढून पूर्वीच्या एक्स-रेशी ताडून पाहावा. मुळाशी असलेला काळा डाग लहान झाला असेल, तर हाड भरून येत आहे; ते पूर्ण भरायला काही वेळा चार वर्षेही लागतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. रूट कॅनाल अर्धवट असताना त्यांचा गाल सुजला आणि ताप आला. पाच दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊनही सूज जबड्याखाली उतरली, तेव्हा त्यांना रुग्णालयात दाखल करून पू काढला व तपासणीस पाठवला. अहवालात ‘वाढ आढळली नाही’ असे आले. पू डोळ्यांना दिसत असताना असे कसे होते?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पसरणारी सूज, ताप, मधुमेह आणि गोळ्यांना न मिळालेला प्रतिसाद, या परिस्थितीत पू तपासणीस पाठवणे योग्यच होते. दातांच्या संदर्भात कल्चर खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते अशा रुग्णांत. अहवाल कोरा येण्याची दोन कारणे संभवतात. पाच दिवसांच्या गोळ्यांमुळे जंतूंची वाढ खुंटलेली असू शकते. दुसरे असे की, पू कापसाच्या बोळ्यावर घेऊन उघड्यावर नेला असल्यास ऑक्सिजन न सोसणारे जंतू वाटेतच मरतात. तो सुईने सिरिंजमध्ये खेचून, हवा लागू न देता, लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो आणि विनॉक्सिजीवी जंतूंसाठीही कल्चर करावे, असे कागदावर लिहून द्यावे लागते.

अहवाल यायला काही दिवस लागतात, म्हणून औषध अनुभवाच्या आधारे आधीच सुरू करतात आणि अहवालावरून पुढे बदलतात. तथापि, मुळाशी साचलेला पू बाहेर काढणे आणि नलिका साफ करणे हाच मुख्य उपचार आहे. मृत मज्जेत रक्तपुरवठा नसल्याने गोळ्यांतील औषध तेथपर्यंत पोहोचत नाही. सूज पसरत नसेल आणि ताप नसेल, तर प्रौढ व निकोप प्रकृतीच्या रुग्णाला बहुधा गोळ्यांची गरजच नसते. सूज पुन्हा जबड्याखाली आली, तोंड उघडेनासे झाले, गिळताना अथवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयात न्यावे. साखरेचे नियंत्रण कसे आहे हे पाहण्यासाठी एचबीए१सी ही रक्तचाचणी करून घ्यावी आणि अर्धवट राहिलेले रूट कॅनाल पूर्ण करून घ्यावे.

प्रश्न : लाळेच्या तपासणीवरून रूट कॅनालमधील जंतू ओळखता येतात का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. लाळेत जीभ, गाल आणि हिरड्या यांवरील शेकडो प्रकारचे जंतू असतात, आणि बंद नलिकेतील जंतू त्यांतून वेगळे काढता येत नाहीत. दातासाठी एक्स-रे आणि दंतवैद्याची प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. लाळेच्या चाचणीवर खर्च करू नये.