बंड्याच्या पुढच्या वेळेसाठी

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

त्या रात्री अचानक कोसळलेला बंड्या कालपासून आधाराशिवाय वाटीपर्यंत जातो हे वाचून जीव भांड्यात पडला. मान अजून डावीकडे कलते म्हणतेस. ती थोडी तशीच राहिली तरी काळजी करू नकोस. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, त्याचं बिनसलं की म्हाताऱ्या कुत्र्यांना हे असं अचानक होतं. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात, मग दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सावरतात. काहींची मान कायमची जरा वाकडी राहते. त्यांना स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नाही.

‘पुढच्या वेळी मी काय करू?’ असं विचारलंस. पुढची वेळ येणारच नाही असं खोटं मी लिहिणार नाही. तेरा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे तो. मी डॉक्टर नव्हे, जिल्हा परिषदेचा निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. नोकरी निफाड-दिंडोरीत गाई-म्हशींच्या मागे गेली, घरात कुत्री कायम होती. त्यामुळे औषधं सांगणार नाही. त्या तासाभरात माणसांनी कसं वागावं, तेवढं सांगतो.

त्या रात्री तुमच्या जिन्यात काय झालं ते आठव. बंड्या एका कुशीवर कोसळला, ओकला, बुबुळं आडवी भराभर हलत होती. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, लकवा मारला. आणखी कोणी म्हणालं, वय झालं, इंजेक्शन देऊन सोडवा आता त्याला. तुझ्या बाबांनीही मान हलवली. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही, दिसत तसंच होतं. पण तपासणी व्हायच्या आधी निकाल लागला होता! तू गाडी काढलीस म्हणून तो आज वाटीपर्यंत जातोय. असंच चित्र मेंदूतल्या गाठीनेही दिसू शकतं, आणि पहिल्या दिवशी डॉक्टरांनाही दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. ते ‘दोन-तीन दिवस बघू’ म्हणतात तेव्हा तो टोलवाटोलवीचा प्रकार नसतो. बुबुळं आडवी हलतात की वर-खाली, यावरही त्यांचं लक्ष असतं. वर-खाली हलत असतील तर मेंदूचा संशय वाढतो. म्हणून असं काही दिसलं की आधी मोबाईलवर थोडा व्हिडिओ घे. रडत रडत केलेल्या वर्णनापेक्षा तो कामाला येतो.

तेव्हा त्या तासात तुझी कामं दोनच, बघणं आणि नेणं. जगवायचं की सोडवायचं हा विषय त्या तासात घरात कोणाला काढू द्यायचा नाही.

बघायचं ते आज, तो बरा असतानाच शिकून घे. वरचा ओठ उचल आणि हिरडी बोटाने दाबून सोड. पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. त्याची हिरडी काळी असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघ. गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा हलते ते मोज, ३० च्या आत असावी. ताप गुदद्वारातून बघायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, माणसाच्या हिशेबाने घाबरू नकोस. एप्रिल-मेच्या दुपारी धापा टाकत पडला आणि ताप १०४ च्या वर गेला, तर अंगावर साधं पाणी ओत, पंखा लाव आणि निघ.

हिरडी पांढरीफटक दिसली तर मात्र घड्याळ बघत बसू नकोस. मोठ्या चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांना प्लीहेवर, म्हणजे पोटातल्या पानथरीवर, गाठ होते, ती कुठलंही लक्षण न दाखवता वाढते आणि एक दिवस आतल्या आत फुटते. कुत्रा बसकण मारतो, उठत नाही. रक्तस्राव थोडा असेल तर शरीर ते रक्त हळूहळू परत शोषून घेतं, आणि काही तासांनी तोच कुत्रा शेपटी हलवत पोळी मागतो. घर म्हणतं, सुटलो. तिथेच फसतात लोक. असा ‘बरा झालेला’ कुत्रासुद्धा त्याच रात्री सोनोग्राफीला न्यायचा.

दुसरी घाई पोटाची. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, जागेवर ठरत नाही, ओकाऱ्या काढतो पण बाहेर काहीच येत नाही, म्हणजे जठराला पीळ पडलेला असू शकतो. त्यावर ऑपरेशनच लागतं आणि काही तासांतच लागतं. इनो, हिंगाचं पाणी, पोट चोळणं यात वेळ घालवायचा नाही. ‘सकाळी बघू’ हे वाक्य या दुखण्यात चालत नाही.

फिट आली तर शेजारची मावशी कांदा नाहीतर चप्पल घेऊन येईल. हात जोडून परत पाठव. तोंडात बोट, चमचा काही घालायचं नाही, फर्निचर बाजूला सार आणि वेळ बघ. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा एकामागोमाग एक आल्या तर तसाच गाडीत घाल. शुद्ध नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात साखरपाणी, अगदी गंगेचं पाणीसुद्धा घालायचं नाही. ते फुप्फुसात जातं. आईला हे आधीच सांगून ठेव, ऐन वेळी सांगितलंस तर वाईट वाटेल तिला.

माणसांच्या गोळ्यांचा डबा उंच ठेव. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला जाळतात; पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायची नाही. (डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ साली बंद झालं ते गिधाडांमुळे. औषध दिलेल्या जनावराचं मढं खाऊन ती मरत होती. अंजनेरीच्या कड्यावर आज गिधाडं दिसली की मला आमच्या दवाखान्यातल्या जुन्या बाटल्या आठवतात.) आणि आपण नाशिककर! फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी द्राक्षांच्या पेट्या असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ली तर चालतं याचा भरवशाचा हिशेब नाही. एखाद्याला काही होत नाही, एखादा थोड्याशाने जातो. खाल्लेली दिसली तर उलट्या सुरू व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर.

न्यायचं कसं, हे तुला या वेळी कळलंच आहे. जाड चादरीची झोळी, दोन माणसं, मागची सीट. दुखत असेल तर बंड्यासुद्धा चावेल, त्यात राग नसतो. ओढणीने तोंड बांधता येतं, पण ओकत असेल किंवा श्वास लागला असेल तर बांधायचं नाही. चावलाच तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धर आणि स्वतःच्या डॉक्टरकडे जा, घरचा कुत्रा असला तरी.

आता नाशिकचं. रात्री अकरानंतर ‘२४ तास’ची पाटी बघून जाऊ नकोस, फोन करून निघ. या आठवड्यात दोन दवाखान्यांत दिवसाढवळ्या जा आणि विचार: रात्री प्रत्यक्ष कोण असतं, एक्स-रे आणि सोनोग्राफी आहे का, सलाईन लावून रात्रभर ठेवता का, ऑपरेशन इथेच होतं का. दोन्हींपैकी एक तरी इंदिरानगरच्या बाजूचा, गोदावरीच्या अलीकडचा असू दे. द्वारका चौकातली कोंडी तुला माहीतच आहे, आणि २०२७ ला सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवशी पंचवटीत गाडी घालायचं विसर. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा सरकारी टोल फ्री नंबर चांगला आहे, पण त्या गाड्या मुख्यतः गावाकडच्या गुरांसाठी, तुझ्या फ्लॅटसाठी नव्हेत. मुंबईला परळच्या मोठ्या प्राण्यांच्या दवाखान्यात न्यायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. बाई साकरबाईंचं ते हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण मध्ये कसारा घाट आहे. कोसळलेला कुत्रा आधी इथे स्थिर करून घ्यायचा, मगच घाट उतरायचा.

राहिला तो विषय, जो मी त्या तासात काढू नको म्हणालो. तो काढायचाच आहे, पण आत्ता, बंड्या पायाशी झोपलेला असताना. बाबांशी खर्चाचं स्पष्ट बोल: किती झेपेल, पुण्याहून दादा किती देईल, रात्री अनामत भरायला खात्यात किती असेल. पैशाचं बोलण्यात प्रेम कमी पडतं असं मानू नकोस. मी शेतकऱ्यांना म्हशीपायी रडतानाही पाहिलंय आणि तिच्या बिलापायीही, माणसं तीच होती. मग हे ठरवा: उठून बसता येत नाही, खाणं सुटलंय, औषधाने दुखणं थांबत नाही आणि डॉक्टरही सुधारणा दिसत नाही म्हणतात, असं झालं तर त्याला किती दिवस तसं ठेवायचं? डॉक्टरांना ‘वाचेल का’ एवढंच विचारू नकोस. ‘वाचला तर त्याचे दिवस कसे जातील’ हे विचार. आणि इंजेक्शन द्यायची वेळ आलीच तर आधी गुंगीचं औषध देतात, मग भूल देण्याचं औषध जास्त मात्रेत. त्याला झोप लागल्यासारखं होतं, डोळे मात्र उघडे राहतात. ते माहीत नसलं की माणूस दचकतो. तुला जवळ थांबता येतं. थांबणं झेपलं नाही तर बाहेर बस, त्यातही काही बिघडत नाही.

‘मला आधी कळायला हवं होतं’ असं दोनदा लिहिलंयस. कशावरून कळणार होतं? संध्याकाळपर्यंत तो जेवून फिरून आला होता.

त्याचं वजन, चालू औषधं आणि दोन्ही दवाखान्यांचे रात्रीचे नंबर एका कागदावर लिहून फ्रीजवर लाव आणि त्याचा फोटो मला पाठव. बाबांशी बोलायला जड जात असेल तर शनिवारी मी येतो, तिघं बसून बोलू. आईला नमस्कार.

तुझा,
काका