बेसबॉलमध्ये सर्वोत्तम खेळाडू फक्त बॅटिंगच्या आकड्यांवरून ठरवतात का?

पूर्वी बरंचसं तसंच होतं, पण ते पुरेसं नाही. 2012 चा अमेरिकन लीगचा (अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाच्या खेळाडूच्या पुरस्काराचा, वाद बघा. डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराने .330 अ‍ॅव्हरेज (बॅटिंगच्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका), 44 होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे) आणि 139 आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे झालेल्या धावा) अशा तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला. हा ट्रिपल क्राउन 1967 नंतर कुणालाच जमला नव्हता. मतदानात 28 पैकी 22 जणांनी त्यालाच पहिली पसंती दिली.

माझं मत मात्र एंजल्सच्या माइक ट्राउटला. अ‍ॅव्हरेज .326, म्हणजे जवळपास तेवढंच. शिवाय 49 बेस चोरले (फटक्याशिवाय धावून पुढचा टप्पा गाठणं) आणि त्या प्रयत्नांत बाद झाला फक्त 5 वेळा. बाल्टिमोरला तर सेंटर फील्डच्या भिंतीवर झेप घेऊन त्याने जे. जे. हार्डीचा होमरन पलीकडून ओढून आणला. ट्रिपल क्राउनमध्ये या कॅचचा हिशेब कुठेच नाही! तो धरला जातो 'वॉर' या आकड्यात: सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा याने संघाला किती सामने जास्त जिंकून दिले. त्यात ट्राउट दहाच्या वर, कॅब्रेरा सातच्या आसपास. फील्डिंगचं मोजमाप अजून थोडं कच्चं आहे, त्यामुळे अर्ध्या-एका विजयाच्या फरकावरून भांडू नये. पण इथला फरक तीनेक विजयांचा आहे.