यात्रेत ड्रॅग रेस ठेवली आणि प्रेक्षकाला लागलं, तर जबाबदार कोण?

विट्याजवळच्या तुमच्या गावात यात्रा कमिटी बुलेट आणि कारची ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रस्त्यावर थोड्या अंतराची वेगाची शर्यत, ठेवायचं म्हणतेय, आणि 'प्रेक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर थांबावे' असा फलक लावला की झालं का, असं तुम्ही विचारलंय. नाही होत. मी साताऱ्यात वकिली करतो. मागे एका बैलगाडीच्या मैदानावर गाडी गर्दीत शिरली, पोराचा पाय मोडला आणि त्याचे वडील माझ्याकडे आले. आयोजक म्हणाले, "आम्ही दिवसभर माइकवरून पब्लिकला मागं सरा म्हणत होतो." मी म्हटलं, म्हणजे धोका तुम्हाला सकाळपासून दिसत होता, तरी गाड्या सोडत राहिलात. तुमच्या फलकाचंही तसंच होईल.

धोका पत्करून आलेल्याला भरपाई नाही, हे तत्त्व कायद्यात आहे. त्यासाठी ब्रुकलँड्सचा खटला शिकवतात. 1930 साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर शर्यतीची मोटार कठड्यावरून प्रेक्षकांत पडली, दोघे गेले, तरी ट्रॅक चालवणारा क्लब 1932 च्या निकालात सुटला. तो सुटला कारण तिथे बांधीव ट्रॅक होता, कठडा होता, आणि इतक्या वर्षांत तसं कधी घडलेलं नव्हतं. बल्ल्यांना बांधलेल्या दोरीवर तुम्हाला तो निकाल लागू होईल असं समजू नका.

2007 साली अमेरिकेत टेनेसीतल्या सेल्मर गावात मुलांच्या मदतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात साध्या रस्त्यावर ड्रॅग कारचं प्रात्यक्षिक झालं. टायरचा धूर काढत निघालेली गाडी कडेच्या गर्दीत घुसली. तिथे कठडा नव्हता. 6 तरुण जीव गेले. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. बाजूला उडी मारायला वेळच नसतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी पळवणाऱ्याला आणि शर्यत होऊ देणाऱ्यालाही. निष्काळजीपणानं माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, 5 वर्षांपर्यंत कैद. आणि ही गोष्ट कमिटीला बसवून सांगा: गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. कंपनीनं हात वर केले, तर भरपाई गाडीवाल्याच्या आणि कमिटीतल्या माणसांच्या घरातून जाऊ शकते.

तरी करायचंच असेल तर मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाशी, एफएमएससीआयशी, संलग्न क्लबला बोलवा, कार्यक्रमाचा वेगळा विमा घ्या, रुग्णवाहिका उभी ठेवा. जागा बंदिस्त हवी, दोन्ही बाजूंना भक्कम अडथळे आणि त्यांच्यामागे मोकळी जागा सोडून माणसं. अंतिम रेषेच्या पुढे मात्र एकही माणूस नको. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, पळाल्यावर गाडी थांबायला तिथेच लांबलचक जागा लागते आणि निकाल बघायला पोरं नेमकी तिथेच जमतात. एवढी जागा गावात नसेल, तर कमिटीच्या बैठकीत उठून विरोध करा. माझं हे उत्तर तिथे वाचून दाखवलंत तरी चालेल.