त्याला भीती कशी लावू, असं विचारणाऱ्या ताईंना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेपाच वर्षांचा, डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, तो त्रास) सांगितलंय, कठड्यावर चढतो, हात सोडवून रस्त्यात पळतो, आणि घरचे म्हणतात ‘जरा धाक दाखवा’. त्याला भीती कशी लावू, आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, न्यायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय. मीही सोलापूरचीच, जुळे सोलापुरात राहते. माझ्याकडे असाच एक आहे, आता अकरा वर्षांचा. हातपाय शाबूत, कपाळावर तीन टाके, पुढच्या दाताचा कोपरा गेलेला. एवढ्यावर निभावलं म्हणून लिहायला बसले.

भीती लावायच्या भानगडीत पडू नका. माझी दोन वर्षं त्यात गेली.

तो पाच वर्षांचा होता, मे महिना. खाली झोपणं शक्यच नव्हतं, म्हणून गाद्या गच्चीवर नेल्या होत्या. मी चादर झटकून वळले तर हा कठड्यावर उभा, दोन्ही हात पसरून. ह्यांनी मागून जाऊन कमरेला धरून उतरवला. मी एक सणसणीत लगावली. तो हसला! सासूबाई म्हणाल्या, “मार खाऊन हसायलंय बघ. देवानं भीतीच घातली नाही ह्याच्यात.” मलाही तेव्हा तसंच वाटलं. रात्री दोन-अडीचला माझा हात कुणीतरी घट्ट धरला म्हणून जाग आली. त्याचा तळहात घामानं ओला होता. म्हणाला, “आई, मी पडलो असतो ना?”

म्हणजे भीती होती. फक्त सिद्धेश्वर एक्सप्रेस सुटून गेल्यावर स्टेशनात पोचणाऱ्या माणसासारखी, उशिरा.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं, की एडीएचडीच्या लक्षणांच्या यादीत ‘निडरपणा’ असं काही नसतंच. असते ती उतावीळ, म्हणजे मनात आलं आणि हात गेला, ह्या दोहोंत फटच नसते. अमेरिकेत २००७ साली मुलांच्या मेंदूंचे स्कॅन करून एक अभ्यास झाला होता. मेंदूचं बाहेरचं आवरण वाढत वाढत सगळ्यात जाड होतं ते वय इतर मुलांत सरासरी साडेसात, तर एडीएचडीच्या मुलांत साडेदहा निघालं. ‘थांब, विचार कर’ म्हणणारा जो पुढचा भाग, तोच सगळ्यात मागे. त्यावरून मी माझ्यापुरता हिशोब केला: अक्कल, चित्रं, गप्पा सगळं वयाप्रमाणे, पण रस्ता, पाणी, विस्तव आणि उंची आली की वयातून तीन वजा. सहा वर्षांच्या पोराचा हात धरून चालायची मला लाज वाटायची, बायका बघून हसायच्या. तीन वर्षांच्या पोराला सात रस्ता चौकात मोकळं सोडतं का कुणी? लाज तिथेच संपली.

मग घरही तीन वर्षांच्या पोराचं केलं. गच्चीच्या दाराला वर, माझाच हात जेमतेम पोचेल अशी कडी. कठड्यावर लोखंडी जाळी. स्कूटरवर मागे बसवताना माझ्या कमरेला बांधायचा पट्टा, आणि हेल्मेट. चार वर्षांखालच्या मुलांना पट्टा आणि हेल्मेट सक्तीचं केलंय २०२३ पासून, मी आठव्या वर्षापर्यंत बांधला. गाडी थांबायच्या आत उडी मारणारा प्राणी आहे, नियमातलं वय बघून काय करू? ह्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात मात्र अजूनही प्रवेश नाही. चालू माग आणि हा, हे दोन एका छताखाली नकोत.

आता पाण्याचं सांगते, कारण ते परगावच्या डॉक्टरांना सुचणार नाही. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, म्हणून प्रत्येक घरात हौद आणि दारात बॅरल. आमच्या हौदाला लोखंडी झाकण, त्याला कुलूप, किल्ली माझ्या मंगळसूत्राला. मी निर्धास्त होते. पण हौद धोक्याचा असतो तो पाणी येतं त्याच दिवशी! तेव्हा झाकण उघडं, मोटार चालू, एक जण पाइप धरून, दुसरा वरच्या टाकीकडे, मी पिण्याचं भरत. घरात पाच माणसं आणि प्रत्येकाला वाटतं, पोरगं दुसऱ्याकडे आहे. एकदा पहाटे मी कळशी ठेवायला वळले तर हा हौदाच्या तोंडाशी बसलेला, पाय आत सोडून, तरंगणारी चप्पल पायाच्या अंगठ्यानं ओढायच्या नादात. मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून आत गेला असता. मागून जाऊन काखेत हात घातले. बुडणारं लेकरू सिनेमातल्यासारखं हातपाय मारून हाका मारत नाही, बहुतेक वेळा आवाजच होत नाही. मोटारीच्या घरघरीत तर काय ऐकू येणार?

त्या दिवसापासून पाण्याच्या दिवशी एक माणूस फक्त पोराचा. तो पाण्याला हात लावत नाही, मोबाइलला तर नाहीच. आणि पोरगं दुसऱ्याकडे देताना तोंडानं सांगायचं, “तुझ्याकडे दिला,” समोरच्यानं म्हणायचं, “घेतला.” तो ‘घेतला’ ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. सासऱ्यांना सुरुवातीला हा पोरखेळ वाटला. नंतर लग्नकार्यात तेच सगळ्यात मोठ्यानं ‘घेतला’ म्हणायला लागले.

आता थांबवण्याचं. ‘पळू नको’, ‘चढू नको’ ह्यातला ‘नको’ त्याला ऐकू यायच्या आधीच तो चढलेला असतो. म्हणून एकच शब्द ठेवला. चार हुतात्म्यांचे पुतळे आपण येता-जाता बघतो. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चौघे, ही गोष्ट त्याला फार आवडायची. एकदा तिथे म्हटलं, तू पाचवा पुतळा हो बघू. ताठ उभा राहिला. मग घरी रोज खेळ: मी “पाचवा!” म्हणायचं, तो असेल तिथे गोठायचा, चमच्यात भात असला तरी. गोठला की लगेच शाबासकी, दहा मिनिटांनी दिलेली त्याच्या हिशोबी नसतेच. आधी खोलीत, मग अंगणात, मग बागेत पळताना. दोन-तीन महिने रोज. अट एकच, हा शब्द अभ्यासाला, जेवायला, आवराआवरीला वापरायचा नाही. सासूबाईंनी एकदा दूध संपव म्हणून वापरला तेव्हा माझं आणि त्यांचं वाजलं. होटगी रोडला एकदा चेंडूमागे सुटला होता, मी “पाचवा!” म्हटलं आणि तो रस्त्याच्या कडेला पुतळा झाला. पुढून टँकर गेला. दर वेळी चालतो असं म्हणणार नाही, म्हणून हात धरणं सोडलेलं नाही.

ह्या पोरांना चढायला, उड्या मारायला द्यावंच लागतं, नाहीतर ती स्वतः जागा शोधतात. आमच्याकडे मल्लखांब आणि पोहणं. खाली गादी आहे, शिट्टीवाले सर आहेत, पाळीची वाट बघावी लागते. तिथे तो सगळ्यांत उशिरा कंटाळतो. पण पोहता येतं म्हणून पाण्याच्या दिवसाची पाळी आम्ही बंद केली नाही.

गोळीचं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. सहा वर्षांच्या आत सहसा आधी आई-वडिलांनाच शिकवतात, पोराशी कसं वागायचं ते. आमची सातव्या वर्षी सुरू झाली, मिथाइलफेनिडेट. ही कडक नियमातली गोळी, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. शेवटची पट्टी संपायची वाट बघू नका. दिवसा भूक मरते. आमचा हिरो रात्री दहाला कडक भाकरी आणि शेंगा चटणी मागतो, मी देते. शाळेतल्या तक्रारी निम्म्यावर आल्या. पण साध्या गोळीचा जोर चारेक तासांचा, संध्याकाळी गच्चीवर ती राखण करायला येत नाही. आणि ती गोळीही कुलपातच ठेवायची. खासगीतलं परवडत नसेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे दाखवा.

आता गड्डा. न्या, पण आमच्यासारखं नाही. सासूबाई त्याला ऊठसूट म्हणायच्या, “गप बस, पोलिसाला देते बघ.” मी कधी अडवलं नाही, वाटलं तेवढंच थोडं वचकून राहील. एका वर्षी गड्ड्याला होम मैदानावर पाळण्यांच्या गर्दीत हात सुटला. पोलिसांच्या मंडपातून त्याचं नाव पुकारलं जात होतं आणि मी तिथे उभी राहून रडत होते. पाऊण तासानं एका बांगड्यावाल्या मावशींनी आणून दिला. त्यांच्या टेबलाखाली, लोंबत्या कापडाआड बसला होता. भोंग्यावर स्वतःचं नाव ऐकत होता तो. म्हणाला, “पोलिस मला न्यायला बोलवत होते, म्हणून लपलो.” उंचीची, पाण्याची भीती बसली नव्हती. बसली ती नेमकी मदत करणाऱ्या माणसाची.

तेव्हा घरी आजच सांगून टाका, पोलिसाचं नाव घ्यायचं नाही. जाताना पार्क चौकातल्या एखाद्या हवालदारांशी त्याची ओळख करून द्या, नाव विचारायला लावा. दुपारी जा, पण अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या दिवशी नको, तेव्हा फार गर्दी. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं तुमचा मोबाइल नंबर लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. भडक शर्ट घाला आणि निघण्याआधी त्याच कपड्यांत एक फोटो काढून ठेवा. हरवलास तर पळायचं नाही, पाचवा पुतळा व्हायचं आणि पोलिसमामाला नाहीतर कडेवर लेकरू असलेल्या बाईला हात दाखवायचा, हे त्याच्याकडून घरी पाच-सहा वेळा करून घ्या, नुसतं सांगू नका. आणि तुम्ही दोघं जाणार असाल तर पाळण्याच्या तिकिटाला एकानंच जा. जाताना विचारा, “तुझ्याकडे दिला?”